वीस बाय तीस

अण्णा गेल्यानंतर आईची पत्र्याची ट्रंक पहिल्यांदा तळापर्यंत रिकामी केली ती नोव्हेंबर २०२१ मध्ये, गुंठेवारीच्या फाइलसाठी. गुंठेवारी म्हणजे परवानगीवाचून शेतजमिनीचे लहान तुकडे पाडून विकलेले प्लॉट, आणि फाइल म्हणजे ते नियमित करून घ्यायचा अर्ज. तळाला अंथरलेल्या वर्तमानपत्रावर अण्णांच्या पगाराच्या चिठ्ठ्या, माझं दहावीचं प्रमाणपत्र, सुतळीने बांधलेला लाइट बिलांचा गठ्ठा आणि दुधाच्या पिशवीत घडी करून ठेवलेला शंभर रुपयांचा बाँड निघाला. घड्यांवर कागद इतका विरला होता की आईने तो मला उलगडू दिला नाही. स्वतःच उलगडला, मांडीवर पसरला आणि म्हणाली, "वाच."

प्लॉट नंबर १३. पूर्व-पश्चिम २० फूट, दक्षिण-उत्तर ३० फूट. पूर्वेस प्लॉट नंबर १४, पश्चिमेस प्लॉट नंबर १२, उत्तरेस २० फुटी रस्ता. किंमत ३६,००० रुपये, पैकी ११,००० रोख मिळाले, बाकी दरमहा हप्त्याने. लिहून देणार, लिहून घेणार, दोन साक्षीदार, नोटरीचा लाल शिक्का. साल २००३.

आमच्याकडे कुणी घर केवढं आहे असं विचारलं की आम्ही चौरस फूट सांगत नाही, 'वीस बाय तीस' म्हणतो. एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३, १०८९ चौरस फूट. आमचे ६००. म्हणजे गुंठेवारीत राहूनही आमच्या वाट्याला पुरता गुंठा नाही, अर्ध्याहून जरासा जास्त आहे. त्या तुकड्यावर माझी शाळा, भावाचं आयटीआय, माझं लग्न, अण्णांचं आजारपण सगळं झालं.

आमची वसाहत छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेला, बीड बायपास ओलांडून, साताऱ्याच्या डोंगराच्या बाजूला. हा सातारा म्हणजे जिल्हा नव्हे, खंडोबाच्या देवळासाठी ओळखलं जाणारं शहराला लागून असलेलं गाव. शहर वाढलं ते चिकलठाण्याच्या आणि नंतर वाळूजच्या एमआयडीसीमुळे. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, मागोमाग सुटे भाग बनवणारी शेडं उभी राहिली, आणि बीड-जालन्याच्या कोरडवाहू गावांतून माणसं येत राहिली. २००१ च्या जनगणनेत शहर ८ लाख ७३ हजारांचं होतं, २०११ मध्ये ११ लाख ७५ हजारांचं. मधल्या दहा वर्षांत जी तीन लाख माणसं वाढली ती कुठे तरी राहायला लागलीच ना? सिडकोचं घर किंवा एन.ए., म्हणजे अकृषिक परवानगीचा प्लॉट अण्णांच्या पगारात बसत नव्हता, आणि कंत्राटी कामगाराला बँक कर्ज देत नव्हती. हप्त्याने मिळत होता तो शेतातला तुकडा. कंपनीतल्या एका सोबत्याने अण्णांना रविवारी तिथे नेलं. ज्वारीचं रान काढून टाकलेलं, मातीत चुन्याच्या फक्कीने चौकोन आखलेले. अण्णा एका चौकोनात उभे राहिले आणि तिथेच इसार दिला.

त्या चौकोनाच्या जागी पुढे काय काय यायला हवं होतं आणि आलं नाही, हे आम्ही सगळे जगून बसलोय. नळ नव्हता. प्रत्येक दारापुढे दोनशे लिटरचे निळे ड्रम, त्यांवर ओळखीसाठी ऑइल पेंटने लिहिलेली नावं. टँकरचा हॉर्न ऐकू आला की आई भाजी करपत ठेवून पाइप धरायला पळायची. शहराला पाणी येतं ते पैठणच्या जायकवाडीतून, पन्नासेक किलोमीटरवरून. ते शहरातच चार-पाच दिवसांनी पोचायचं, तर आमची पाळी कधी येणार? सांडपाण्यासाठी शोषखड्डे. पावसाळ्यात गल्लीत इतका चिखल व्हायचा की शाळेचे बूट पिशवीत घालून बायपासपर्यंत अनवाणी जायचं आणि तिथे पाय धुऊन बूट घालायचे. तेव्हा आमच्या भागात ग्रामपंचायत होती, पुढे थोडे दिवस नगर परिषद झाली, मग २०१५ च्या सुमारास आम्ही महापालिकेत आलो.

एक गोष्ट मनाला फार लागायची. नातेवाईक असोत की ऑफिसातली माणसं, आमच्या घराला सरसकट 'अतिक्रमण' म्हणायची. आम्ही कुणाची जागा बळकावलेली नव्हती. अण्णांनी अडीच वर्षं हप्ते भरले होते. झोपडपट्टीत राहणाऱ्याला तरी जागा फुकट कुठे मिळते, तोही कुणाला तरी पैसे मोजूनच चार पत्रे ठोकतो. पण निदान त्याच्यासाठी १९७१ पासूनचा झोपडपट्टी कायदा आहे. आम्ही धड तिथे बसत नव्हतो, धड इथे. जमीन खाजगी, विकणारा राजी, घेणारा राजी, पैसे पोचलेले. चुकलं होतं ते एवढंच की शेतजमिनीचे इतके लहान तुकडे पाडायला १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने मनाई होती आणि अकृषिक परवानगी कुणी घेतलेली नव्हती. म्हणून सातबाऱ्यावर शेतकऱ्याचं नाव तसंच, आणि आमच्या हातात बाँड.

गुंठेवारीचा कायदा २००१ सालचा. त्याचं पूर्ण नाव महाराष्ट्र गुंठेवारी विकास (नियमाधीन करणे, श्रेणीवाढ व नियंत्रण) अधिनियम. १ जानेवारी २००१ पर्यंत पडलेले प्लॉट त्यात बसत होते. आम्ही दोन वर्षांनी चुकलो. अण्णांना हे २००६ मध्ये कळलं, आणि त्यानंतर ते त्या विषयावर कधी बोलले नाहीत. नवीन खोली बांधताना मात्र दर वेळी एक विचार करायचे: उद्या पाडायला आले तर किती नुकसान होईल? म्हणून वरची खोली कायम पत्र्याची राहिली. २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आली. अण्णा २०१९ मध्ये गेले होते.

रिक्षावर भोंगा लावून गल्लोगल्ली सांगत होते: फाइल दाखल करा, घर नियमित करून घ्या. आईने त्याच संध्याकाळी ट्रंकेची किल्ली माझ्याकडे दिली.

फाइल तयार करणारा आर्किटेक्ट पालिकेच्या यादीतला होता, तिशीतला, शांत. त्याने एका कोऱ्या कागदावर काय काय लागेल ते लिहून दिलं. सातबारा. बाँड किंवा खरेदीखत. शेतकऱ्याने प्लॉट पाडणाऱ्याला दिलेल्या कुलमुखत्यारपत्राची नक्कल. मुदतीच्या आधीपासून घर उभं असल्याचा पुरावा. घराचा नकाशा, प्रत्यक्ष मोजून. गल्लीचा लेआउट. बांधकाम मजबूत असल्याचा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला. हमीपत्र. अण्णांचा मृत्यू दाखला, आणि घर आईच्या नावे करायला माझी आणि भावाची हरकत नाही असं शपथपत्र.

पुराव्याचं काम आईच्या गठ्ठ्याने पाच मिनिटांत केलं. पहिलं लाइट बिल २००५ चं होतं. तिने सोळा वर्षांतलं एकही बिल टाकलेलं नव्हतं. लिहिता-वाचता येत नसलेल्या माझ्या आईला हे कुणी शिकवलं होतं? विचारलं तर म्हणाली, "आपला कागद कच्चा होता. म्हणून बाकीचे सगळे जपले."

कुलमुखत्यारपत्र मात्र आमच्याकडे नव्हतं. ज्याने प्लॉट पाडले तो केव्हाच गल्लीतून, फोनमधून आणि शहरातून नाहीसा झालेला. विकताना त्याने नकाशा दाखवला होता, देवळाला जागा, खुली जागा, २० फुटी रस्ते, सगळं हिरव्या-निळ्या स्केचपेनने रंगवलेलं. त्या नकाशाची झेरॉक्स आमच्या २२ घरांपैकी फक्त एका घरात निघाली, समोरच्या चाचांकडे. चाचा गवंडी. गल्लीतली निम्मी घरं त्यांच्या हातची, आमचंही. कागदाची किंमत त्यांना बांधणाऱ्या माणसासारखी कळते.

शेवटी ठरवलं, शेतकऱ्याच्या घरी जायचं. सातबाऱ्यावरचे मूळ मालक वारले होते. त्यांची बायको, म्हणजे आजी, मुलगा आणि तीन मुली वारस म्हणून लागलेल्या. गावठाणातलं जुनं घर, पुढे म्हैस बांधलेली. मी आणि चाचा गेलो. मला भीती होती की आजी दारातूनच परत लावतील. त्यांनी बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "कोणत्या बाजूला घर तुमचं, बायपासकडून की डोंगराकडून?"

सांगितलं. आजींनी डोळे मिटले आणि बोटाने हवेत आखल्यासारखं केलं. "मग तुमच्या गल्लीच्या टोकाला आमची विहीर व्हती. चाळीस फूट. दगडी बांधकाम, पायऱ्या व्हत्या उतरायला."

मी आणि चाचांनी एकमेकांकडे पाहिलं. टोकाचे दोन प्लॉट. त्यांतल्या एकावर मावशींचं किराणा दुकान आणि मागे घर. त्या घराच्या भिंतीला दर पावसाळ्यात तडा जातो, चाचा दर दिवाळीला तो सिमेंटने भरतात, आणि पुढच्या पावसाळ्यात तो पुन्हा उघडतो. स्केचपेनच्या नकाशात ती जागा हिरवी रंगवलेली होती, 'खुली जागा'. विहीर मुरूम आणि राडारोडा टाकून बुजवली आणि दोन-तीन वर्षांनी तीही विकली. मावशींना विहिरीचं कुणी सांगितलं नव्हतं.

आजींचा मुलगा कंपनीतून आल्यावर हिशेब निघाला. त्यांची चार एकर जमीन एकराला सव्वादोन लाखांनी गेली होती, तीही तीन हप्त्यांत, आणि शेवटचा हप्ता मिळालाच नाही. एक एकर म्हणजे ४० गुंठे, ४३,५६० चौरस फूट. म्हणजे त्यांना फुटाला पाच रुपयांच्या आसपास भाव पडला. आम्ही घेतलं ते फुटाला ६० रुपयांनी. रस्त्यांना आणि खुल्या जागेला जमीन सोडली असं धरलं तरी मधल्या माणसाने किती मिळवलं ते कुणीही मांडून पाहावं. गल्लीत आम्ही इतकी वर्षं समजत होतो की शेतकरी जमीन विकून मजेत आहे. आणि ते समजत होते की आपल्या जमिनीवर शहरवाले येऊन बंगले बांधून बसलेत. आजी कधी तिकडे फिरकल्याच नव्हत्या. "बघवलं नसतं," म्हणाल्या.

कुलमुखत्यारपत्राची नक्कल त्यांच्या देवघरामागच्या कोनाड्यात होती.

मग जानेवारीत मोजणी. आर्किटेक्टच्या ऑफिसातला मुलगा टेप घेऊन आला. कागदावर रस्ता २० फूट. टेप पसरली आणि आमच्या दारापाशी आकडा आला १४ फूट ८ इंच. गल्लीत कुणाचा ओटा पुढे, कुणाची मोरी, कुणाचा वर जाणारा लोखंडी जिना. प्रत्येकाने दोन फूट घेतले की गल्ली अशी होते. कुणी रात्रीतून चोरून घेतलेले नव्हते ते. घरात जागा नाही म्हणून जिना बाहेर गेला, पाणी आत येतं म्हणून ओटा उंच केला, ओटा केला म्हणून त्याला पायरी आली.

आमच्या घराचं माप लिहिताना तो मुलगा थांबला. पुन्हा मोजलं. "ताई, तुमची भिंतच बाहेर आहे. १ फूट १० इंच. जिना धरून साडेचार फूट."

मी म्हटलं, शक्य नाही. अण्णा दुसऱ्याच्या शेतातली शेंगही तोडायचे नाहीत. चाचा बाजूला उभे होते. मान खाली घालून म्हणाले, "बेटा, पाया मीच आखला. अण्णा बोलले होते, थोडा पुढे घे, पोरीला अभ्यासाला खिडकीजवळ जागा पाहिजे. मी घेतला."

मी त्याच खिडकीशी बसून बारावी केली, डीएड केलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. अण्णांनी चूक केली असं म्हणवत नव्हतं, आणि रस्ता सगळ्यांचा असतो हेही नाकारता येत नव्हतं. पावसाळ्यात शेजारच्या काकूंना कळा सुरू झाल्या तेव्हा रुग्णवाहिका गल्लीत शिरली नव्हती, त्यांना खाटेवरून बायपासपर्यंत न्यावं लागलं होतं. ती रुग्णवाहिका जिथे अडली तिथे आमचाही जिना होता.

आर्किटेक्टने समजावलं ते असं: रस्त्याच्या जागेत आलेलं बांधकाम मी तुमच्या घराचं म्हणून नकाशात दाखवू शकत नाही. तुमची एकट्याची फाइल मी करून देईन, पण गल्लीचा रस्ता सगळ्यांनी मिळून सरळ केलात तरच पुढे ड्रेनेजची लाइन, नळाची लाइन नीट बसेल. मला हे पटलं. अर्ज घरागणिक असतो, शुल्क घरागणिक असतं, प्रमाणपत्र घरागणिक मिळतं; आणि ज्या गोष्टींसाठी आम्ही वीस वर्षं झुरत होतो, पाणी, गटार, रस्ता, दिवा, त्यांतली एकही घरागणिक येत नाही. गुंठेवारीत जो कुणी आज फाइल करतोय त्याला माझं हेच सांगणं आहे की झेरॉक्सच्या दुकानात जायच्या आधी गल्लीत टेप धरा.

गल्लीची बैठक मारुतीच्या पारावर झाली. पार म्हणजे लिंबाच्या झाडाभोवती आम्हीच बांधलेला कट्टा. २२ घरांतली अठरा आली. आवाज चढले. कुणी म्हणालं, आधी समोरच्या रांगेने मागे घ्यावं. कुणी म्हणालं, पंधरा फूट काय वाईट आहे, दुचाकी जाते ना? एकाने विचारलं की प्रमाणपत्र मिळून शेवटी होणार काय, टॅक्स वाढणार. तो प्रश्न खोटा नव्हता. माझी आई बायकांच्या घोळक्यात बसली होती, ती उठली. म्हणाली, "आमचा जिना उद्या काढते. कुणी काढा, नका काढू."

मी घरी आल्यावर तिला विचारलं, मला आधी का नाही सांगितलंस? म्हणाली, "तू विचार करत बसली असतीस."

जिना चाचांनीच तोडला. बांधणारा आणि तोडणारा एकच हात. मजुरी घेतली नाही. त्यांनी भिंत सहा-सहा इंचांनी उतरवली, विटा शक्य तितक्या साबूत ठेवल्या, आणि मागच्या भिंतीत त्याच विटा वापरल्या. खिडकी निघाली तेव्हा आई आत चहा करत होती, बाहेर आली नाही. वरच्या पत्र्याच्या खोलीत जायला आता आतून शिडी आहे. पुढची खोली पावणेदोन फुटांनी लहान झाली. कपाट हलवावं लागलं आणि अण्णांचा फोटो दुसऱ्या भिंतीवर गेला.

महिनाभरात चौदा घरांनी ओटे-जिने मागे घेतले. चार घरांनी अर्धंमुर्धं. चार घरांनी अजिबात नाही, आणि आजही नाही. त्यांतल्या एका घरात अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत आणि पुढचा भाग म्हणजे त्यांचीच खोली. त्यांना मी काय सांगणार? रस्ता आता १८ फूट आहे, एका जागी १६. टँकर आत येतो. रुग्णवाहिका येते.

या सगळ्यात एका घराचं मात्र नुकसान झालं आणि त्याचा सल आहे. शेजारच्या रांगेत वरच्या खोलीत बिहारचं एक कुटुंब भाड्याने राहत होतं, तो वाळूजला प्रेसवर कामाला, ती शिवणकाम करायची. जिना निघाला तशी ती खोली बंद झाली आणि त्यांना पंधरा दिवसांत दुसरीकडे जावं लागलं, आमच्या वसाहतीच्याही पुढे, जिथे आता नवीन प्लॉटिंग चालू आहे. फाइलमध्ये मालकाचा रकाना आहे, वारसाचा आहे, भाडेकरूचा नाही. आमच्या गल्लीत तेव्हा नऊ भाडेकरू होते. २००३ पूर्वी आम्हीही मुकुंदवाडीत पाच वर्षं भाड्याने राहिलो होतो. गल्ली सरळ करायच्या बैठकीला आम्ही त्यांच्यापैकी कुणालाच बोलावलं नाही. बोलवायला हवं होतं.

फाइल मे २०२२ मध्ये दाखल झाली. शुल्क रेडीरेकनरच्या, म्हणजे जागेच्या सरकारी दराला बांधलेलं असतं, त्यात प्रशमन शुल्क (नियमबाह्य काम नियमित करायचं) आणि विकास शुल्क येतं. आईची मुदत ठेव मोडली, भावाने कंपनीतल्या पतपेढीतून उचल घेतली. एक त्रुटी निघाली, शपथपत्रात आईचं नाव आधारपेक्षा वेगळं होतं. खिडकीवरच्या बाईंनी कुठे दुरुस्त करायचं ते पेन्सिलने खूण करून दाखवलं. ऑगस्टमध्ये प्रमाणपत्र आलं. आईने ते ट्रंकेत ठेवलं नाही, लॅमिनेट करून आणलं.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण आमच्याकडे बहुतेकांचा इथेच गैरसमज होतो. प्रमाणपत्र मिळालं म्हणजे मालकी मिळाली असं नव्हे. प्लॉट आणि बांधकाम नियमित झालं, जमीन अकृषिक धरली गेली, एवढंच. मालक कोण, हा प्रश्न नोंदणीकृत खरेदीखतानेच सुटतो, आणि आमच्याकडे होता नोटरीचा बाँड. पण खरेदीखताची वाट उघडली ती याच प्रमाणपत्राने. १२ जुलै २०२१ च्या परिपत्रकानंतर प्रमाणभूत, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या किमान क्षेत्रापेक्षा लहान तुकड्यांचे दस्त मंजुरीवाचून नोंदवणं बंद झालं होतं. मागच्या गल्लीतल्या एकांनी मुलीच्या लग्नासाठी प्लॉट विकायला काढला होता, त्यांचा व्यवहार त्याच वर्षी अडकला आणि लग्न सावकाराच्या पैशांत झालं. मंजूर लेआउटमधल्या, नियमित झालेल्या प्लॉटला ती आडकाठी नव्हती.

म्हणून आम्ही पुन्हा आजींच्या दारी. खरेदीखतावर त्यांची, मुलाची आणि तिन्ही मुलींची सही लागणार. एक मुलगी नाशिकला, एक वैजापूरला. मुलाने सरळ सांगितलं, प्रत्येक घरामागे दहा हजार द्या. गल्लीत यावरून पुन्हा भडका उडाला. एकदा पैसे दिलेत, पुन्हा का द्यायचे? कायद्याच्या नजरेने गल्लीतले म्हणत होते ते चूक नव्हतं. पण मी हिशेब पाहिला होता. फुटाला पाच रुपये, शेवटचा हप्ता बुडालेला, आणि आता ज्या जागेचा रेडीरेकनर हजारांत आहे तिच्यावर सही करायला त्यांनी कामाचा खाडा करून यायचं. मी पारावर तेच मांडलं. नऊ घरं तयार झाली. बाकीच्यांचं अजून बोलणं चालू आहे.

आमचं खरेदीखत फेब्रुवारी २०२३ मध्ये झालं, आईच्या नावाने. बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, १ एप्रिल २०२१ पासून. पण आईच्या नावाने करायचं हे आम्ही त्याच्या आधीच ठरवलं होतं. तिने फोटोसाठी कॅमेऱ्याकडे पाहिलं, अंगठा यंत्रावर टेकवला. दोनदा उमटला नाही. भांडी घासून आणि ड्रम ओढून रेषा पुसल्यात. तिसऱ्यांदा आजींनी तिचा हात धरून पदराने अंगठा पुसला आणि दाबला, तेव्हा उमटला.

बाहेर आल्यावर आजी म्हणाल्या, "आता दाखवा तुमची गल्ली."

रिक्षाने आणलं. बायपासपासून त्या काही बोलल्या नाहीत. गल्लीत उतरल्यावर आधी डोंगराकडे पाहिलं, मग लिंबाकडे. लिंब त्यांच्या सासऱ्यांनी लावलेला होता, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. मग त्या पावलं मोजत टोकाला गेल्या आणि मावशींच्या दुकानापुढे थांबल्या. मावशी बाहेर आल्या, खुर्ची ठेवली. आजी बसल्या नाहीत. काठीने जमिनीवर रेघ ओढत सांगत गेल्या, इथून कठडा, इथून पायऱ्या, मोट इकडे चालायची, तोंड या भिंतीखाली येतं बघा.

चाचांनी खिशातून खडू काढला. आजी सांगत होत्या तसे ते मावशींच्या दुकानाच्या जोत्यावर आणि समोरच्या सिमेंटवर खुणा करत गेले. निम्मा गोल दुकानात, पाव गोल मागच्या खोलीत, उरलेला शेजारच्या रिकाम्या भिंतीखाली. तडा बरोबर त्या खुणेवर होता. मावशींची फाइल स्ट्रक्चरल दाखल्यासाठीच अडली होती. इंजिनिअरला शनिवारी बोलवायचं ठरलं, तोवर मागच्या खोलीत झोपायचं नाही असं चाचांनी मावशींकडून कबूल करून घेतलं, आणि त्या रात्री मावशींचं अंथरूण आमच्या पुढच्या खोलीत पडलं, कपाट आणि भिंतीच्या मधल्या जागेत.